पलंगामागच्या फळ्या सगळ्यात शेवटी: फार्महाऊस बेडरूमबद्दल एका वाचकाला उत्तर

पत्र: आमची बेडरूम १२ बाय ११ फुटांची आहे, उंची ९ फूट. पलंगामागची १२ फुटी भिंत घरातल्या कॉमन बाथरूमला लागून आहे. तिच्या डाव्या कोपऱ्यात जमिनीपासून फूटभर उंचीपर्यंत रंगाचे पोपडे सुटतात. समोरच्या भिंतीला ८ फूट रुंद आणि ७ फूट उंच, चॉकलेटी लॅमिनेटचं सहा दारांचं कपाट आहे. फरशी क्रीम रंगाची, चकचकीत. एकच ४ फुटी खिडकी आहे. तिच्यातून उजेड येतो, ऊन येत नाही. मला फार्महाऊस पद्धतीची खोली हवी आहे. आतापर्यंत अक्षरं कोरलेल्या लाकडी पाट्या, एक जुनं चाक आणि दोन कंदील आणले, पण ते सगळं उपरं वाटतं. आता पलंगामागे पांढऱ्या आडव्या फळ्या, छताला लाकडी तुळया, दाराच्या जागी सरकता बार्न डोअर आणि पलंगाच्या पायथ्याशी एक मोठी पेटी असा विचार आहे. फळ्यांमुळे ओलही झाकली जाईल. कुठून सुरुवात करू?

उत्तर: फळ्यांपासून अजिबात नको. ओल झाकली की ती जात नाही, फक्त दिसेनाशी होते. फळीच्या मागे हवा खेळत नाही, त्यामुळे तिथे बुरशी धरते, एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) असेल तर खालची कड फुगते, लाकूड असेल तर वाळवीला आयतं घर मिळतं. तुमच्या यादीतलं पहिलं काम भिंतीचं आहे आणि फळ्यांचं शेवटचं. मधल्या काळात करण्यासारखं पुष्कळ आहे, आणि खरं सांगायचं तर खोलीचा चेहरा त्या मधल्या कामांनीच बदलणार आहे.

पाट्या आणि चाक उपरे का वाटतात, ते आधी सांगतो. शेतावरच्या जुन्या घरांमध्ये सजावट म्हणून वेगळं फारसं काही नसायचं. भिंतीला चुना, कारण तो हाताशी होता आणि स्वच्छ राहायचा. पलंग लोखंडी, कारण लाकडाच्या फटीत ढेकूण लपतात. कपडे खुंट्यांवर, पांघरूण जाड सुती किंवा लोकरीचं. म्हणजे त्या खोलीचं रूप तिच्या पृष्ठभागांत आहे: चमक नसलेल्या भिंती, चमक नसलेलं लाकूड, धुऊन मऊ झालेलं कापड, पिवळसर उजेड. तुमच्या खोलीत चकचकीत फरशी, चकचकीत कपाट आणि बहुधा पांढरी ट्यूबलाइट आहे. त्यावर दहा पाट्या टांगल्या तरी त्या भाड्यानं आणल्यासारख्याच दिसणार. त्या सध्या उतरवून ठेवा.

ओल

सुटलेले पोपडे खरवडून काढा. उघड्या पडलेल्या गिलाव्यावर १८ इंची चौरस प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट लावा आणि एक-दोन दिवस तसाच राहू द्या. भिंतीकडच्या बाजूला थेंब दिसले तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला दिसले तर हवेतला दमटपणा गार भिंतीवर साचतोय. तुमच्या बाबतीत पहिलीच शक्यता जास्त, कारण पलीकडे बाथरूम आहे.

मग पाणी नेमकं कुठून येतं ते शोधा. घरातले सगळे नळ बंद करून तासभर पाण्याचं मीटर पाहा. काटा हलत असेल तर दाबाची पाइपलाइन कुठेतरी गळत असावी, बहुधा याच भिंतीत. हलत नसेल तर संशय बाथरूमच्या फरशीवर, भिंत आणि फरशीच्या सांध्यावर किंवा न्हाणी ट्रॅपवर (पाणी निचरून जायच्या जाळीखालच्या भांड्यावर) घ्यायचा. चार दिवस तिथे अंघोळ बंद ठेवा. डाग सुकू लागला तर दोष या तिघांतच कुठेतरी आहे. दुरुस्ती बाथरूमच्या बाजूनंच करायची. बेडरूमच्या बाजूनं ओलरोधक लेप मारून घेण्याचा सल्ला हमखास मिळेल, तो ऐकू नका. तो लेप पाण्याला अडवत नाही, वर ढकलतो, आणि फूटभराची ओल दोन फुटांवर जाते.

पांढरी भुकटी दिसत असेल तर तो लोणा, म्हणजे भिंतीतून बाहेर आलेले क्षार. तो कोरड्या ब्रशनं झाडून गोळा करायचा. ओल्या फडक्यानं पुसलात तर क्षार पाण्यात विरघळून पुन्हा भिंतीत शिरतात. गिलावा पोकळ वाजत असेल तर डागाच्या वर आणखी फूटभरापर्यंत तो काढून नवा करा. आणि मग थांबा. विटांची भिंत वाळायला साधारण इंचाला महिना असा हिशेब धरतात. साडेचार इंची भिंत असेल तर चार महिने सहज जातात. तोवर पलंग त्या भिंतीपासून सहा इंच पुढे ओढून ठेवा. प्लास्टिकची तीच चाचणी दोनदा कोरडी आली की मगच फळ्यांचा विषय काढायचा.

कपाट, म्हणजे निम्मी खोली

पलंगावर पडल्यावर डोळ्यांसमोर येतो तो ५६ चौरस फुटांचा चॉकलेटी चकचकाट. तो बदलला की बाकीचं बरंचसं आपोआप जमतं. त्यामुळे पैसा आणि वेळ आधी इथे घाला.

सपाट दारांवर ६ मिलिमीटर जाडीच्या, अडीच इंच रुंद प्लायच्या पट्ट्यांची चौकट चिकटवली की दार जुन्या पॅनेलच्या दारासारखं दिसतं. तुमची दारं १६ इंच रुंद धरली तर एका दाराला दोन उभ्या आणि तीन आडव्या पट्ट्या लागतात, म्हणजे सुमारे १६ ते १७ फूट. सहा दारांना १०० फूट. छाटणी धरून ११० फूट घ्या. पण सगळ्या पट्ट्या कापण्याआधी एक तपासणी करा: शेजारशेजारच्या दोन दारांवर दुहेरी चिकटपट्टीनं पट्ट्या तात्पुरत्या लावा आणि दोन्ही दारं एकदम पूर्ण उघडून पाहा. आतल्या बिजागऱ्यांची दारं १८ मिलिमीटरची २४ झाली की उघडताना एकमेकांच्या कडांना घासू शकतात. घासली तर बिजागरीच्या स्क्रूनं एखादा-दीड मिलिमीटर सरकवून पाहा. तरीही घासत असतील तर बिजागरीच्या बाजूची पट्टी कडेपासून ३ मिलिमीटर आत घ्या.

पट्टी जिथे बसणार तिथलं लॅमिनेट आधी खरबरीत करा, नाहीतर पट्टी लॅमिनेटच्या गुळगुळीत पापुद्र्यावरून वर्षभरात सुटते. पट्टीला चिकटद्रव्य आणि वर १५ मिलिमीटरच्या बारीक चुका. सांधे आणि चुकांची भोकं लांबीनं (पुट्टीनं) भरून घासा. प्लायच्या कापलेल्या कडा मात्र दोनदा भरा, कारण तिथे रंग पाण्यासारखा शोषला जातो आणि थर दिसतात.

आता रंगाचं. लॅमिनेटवरचा रंग सोलून निघतो तो बहुतेक वेळा मुठीच्या आसपास आणि कारण एकच: हाताचं तेल नीट निघालेलं नसतं. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यानं किंवा भांड्यांच्या साबणानं सगळी दारं पुसा, मग साध्या पाण्यानं दोनदा. वाळल्यावर १८० नंबरच्या पॉलिश पेपरनं चमक मरेपर्यंत घासा. खालचा तपकिरी कागद दिसेपर्यंत नाही. धूळ पुसा. त्यावर गुळगुळीत पृष्ठभागाला धरणारा बॉन्डिंग प्रायमर, एक हात. साधा लाकडाचा प्रायमर इथे चालत नाही. चोवीस तासांनी एका दाराच्या आतल्या कोपऱ्यात ब्लेडनं बारीक चौकटी ओरखडा, त्यावर चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढा. प्रायमर पट्टीबरोबर आला तर तिथेच थांबा आणि पुन्हा धुण्यापासून सुरू करा. पुढचे दोन हात वाया घालवण्यापेक्षा हे बरं.

वरचा रंग पाण्यात मिसळणारा इनॅमल, अर्धचमक किंवा त्याहून कमी. चार इंची फोम रोलरनं पातळ दोन हात, मध्ये ३२० नंबरचा हलका घासा. दीड लिटर पुरतो. दारांच्या कडांवर रंग जाड बसू देऊ नका. दारं अडकायला लागतात ती तिथूनच. स्पर्शाला रंग दुसऱ्या दिवशी कोरडा लागेल, पण पुरता कडक व्हायला तीन-चार आठवडे लागतात. तेवढे दिवस दार चौकटीला चिकटू नये म्हणून आतल्या कोपऱ्यात फेल्टचे गोल ठिपके लावा.

रंग कोणता? पांढरा नको. रोज हाताळायच्या दारांवर तो टिकत नाही आणि क्रीम फरशी त्याच्यापुढे मळकी दिसते. राखाडीकडे झुकणारा हिरवा, ओल्या मातीचा फिकट राखी किंवा मेंदीचा फिका पडलेला रंग यांतला एखादा घ्या. मुठी बदलताना जुन्या भोकांमधलं अंतर मोजा, ते बहुधा ९६ किंवा १२८ मिलिमीटर असतं, आणि त्याच मापाच्या काळ्या किंवा गडद पितळी मुठी घ्या. एका खोलीत धातूचे दोन रंग पुरेत.

भिंतीचा पांढरा

ऊन न येणाऱ्या खोलीत शुद्ध पांढरा रंग निळसर, आजारी दिसतो. पिवळ्या-तांबड्या झाकेचा पांढरा घ्या. शेड कार्डावरच्या नखाएवढ्या चौकोनावरून ठरवू नका. हातभर लांबीच्या पुठ्ठ्यावर दोन हात मारा, कडेनं इंचभर पुठ्ठा कोरा सोडा, आणि तो फरशीला टेकवून उभा धरा. सकाळी, दुपारी आणि रात्री दिव्याखाली, असं तीनदा पाहा. फरशी पिवळट वाटायला लागली तर रंग अजून थंड आहे, आणखी एक पायरी उबदार घ्या.

कपाट, दार आणि खिडकी वजा जाता तुमच्या भिंती साधारण ३२० चौरस फूट भरतात. दोन हातांना लिटरमागे ५० ते ५५ चौरस फूट धरले तर ६ लिटर. मॅट घ्या, चमक असलेला रंग गिलाव्याची प्रत्येक लाट दाखवतो. सगळा रंग एका मोठ्या बादलीत एकत्र घोळवूनच सुरुवात करा आणि पलंगामागच्या भिंतीपुरता दोन लिटर घट्ट झाकून बाजूला ठेवा, कारण ती भिंत चार महिन्यांनी रंगणार आहे आणि तेव्हा नव्यानं मिसळलेला रंग हुबेहूब जुळेलच असं नाही.

चुन्याच्या रंगाचा मोह होईल. तो या पद्धतीला सगळ्यात जवळचा आहे, पण चुना उघड्या गिलाव्यावर धरतो, जुन्या प्लास्टिक इमल्शनवर नाही. तिथे तो भुकटी होऊन कपड्यांना लागतो. एक तर जुना रंग पूर्ण खरवडा, नाहीतर चुन्यासाठी मिळणारा खनिज प्रायमर मारा. दोन पातळ हात, रुंद ब्रशनं आडवेतिडवे. ओला असताना तो पारदर्शक दिसतो आणि वाळल्यावर बराच फिका होतो, म्हणून ओल्या भिंतीकडे पाहून घाबरून तिसरा हात देऊ नका. हातमोजे आणि चष्मा घाला. चुना डोळ्यांत गेला तर गंभीर इजा होते.

माप घेऊन पाहू

पेटीबद्दल थेट सांगायचं तर ती मावत नाही. पलंगामागच्या भिंतीपासून कपाटामागच्या भिंतीपर्यंत १३२ इंच. पलंग मागच्या आडोशासकट ८२ इंच, कपाटाची खोली २४ इंच. उरतात २६ इंच, आणि त्यात १६ इंची दार उघडून माणसानं उभं राहायचंय. तिथे १६ इंच रुंद पेटी ठेवलीत तर चालायला १० इंच उरतील. पेटी हवीच असेल तर ती खिडकीखाली ठेवा. पलंगही पायथ्याशी बुटका घ्या; उंच लोखंडी पायथा या खोलीत पिंजऱ्यासारखा वाटेल. आणि फळ्या व त्यांच्यामागे भिंतीवर ठोकायच्या लाकडी रिपा यांनी पुढे ३२ मिलिमीटर, म्हणजे सव्वा इंच खाल्ला की उरलेले २६ इंच पावणेपंचवीस होतात, हेही आत्ताच धरून चला.

लोखंडी पलंग घेतलात तर जोडतानाच प्रत्येक बोल्टच्या सांध्यात नायलॉनचा वॉशर घाला. कुरकुर धातूवर धातू घासल्यानं होते. नंतर तेल घालून ती आठवडाभर थांबते आणि चादरीला डाग पडतात तो भाग वेगळा.

फरशी बदलायची गरज नाही. तिची चमक गालिच्यानं मोडा. बहुतेक ठिकाणी तुम्हाला ८ बाय १० फुटांचा सुचवतील, पण तो इथे कपाटाखाली जाईल किंवा पलंगाखाली गोळा होईल. ६ बाय ९ फुटांचा घ्या आणि आडवा अंथरा, भिंतीपासून २८ इंच सोडून. पलंग ६६ इंच रुंद धरला तर दोन्ही बाजूंना २१ इंच आणि पायथ्याशी १८ इंच गालिचा बाहेर दिसतो. पाय टेकतात तिथे नेमका येतो आणि कपाटाच्या पायाशी ८ इंच फरशी मोकळी राहते. कपाटाची दारं उघडताना त्यावरून फिरणार, म्हणून दाराची खालची कड जमिनीपासून किती वर आहे ते आधी मोजा. सपाट विणीचा सुती किंवा लोकरी घ्या. ताग फोटोत छान दिसतो, पण अनवाणी पायांना टोचतो, धागे सोडतो आणि पाणी सांडलं की तपकिरी डाग कायमचा. चकचकीत फरशीवर खाली रबरी जाळी हवीच.

उजेड

हा बदल सगळ्यात स्वस्त आणि तरी सगळ्यात उशिरा सुचणारा. पांढऱ्या ट्यूबलाइटखाली लाकूड राखाडी आणि पांढरा रंग दवाखान्यासारखा दिसतो. सगळे दिवे २७०० केल्विनचे, म्हणजे पिवळसर उजेडाचे घ्या, सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० किंवा जास्त. १३२ चौरस फुटांच्या बेडरूमला एकूण दोन हजार ल्युमेनच्या (ल्युमेन हे उजेडाचं माप) आसपास पुरतात. ते एकाच दिव्यात न घेता छताला एक हजार-बाराशेचा आणि पलंगाच्या दोन्ही बाजूंना चारशे-साडेचारशेचे असे वाटा. भिंतीवरचे दिवे गादीच्या वरच्या पातळीपासून २४ ते ३० इंचांवर, म्हणजे टेकून बसल्यावर बल्ब थेट डोळ्यांत जात नाही आणि पुस्तकावर उजेड पडतो. त्यांच्या वायरी भिंत वाळण्याच्या काळात, रंगाच्या आणि फळ्यांच्या आधी काढून घ्या. तारा दिसणारे काचेचे बल्ब जिकडेतिकडे मिळतात, पण पलंगाशेजारी ते डोळ्यांना त्रास देतात. दुधी काचेचे घ्या. तुमचे कंदील खरे असतील तर त्यात ज्योत पेटवू नका. बॅटरीचा छोटा दिवा ठेवा किंवा ते रिकामेच ठेवा.

पडद्यांसाठी लिनन किंवा जाड सुती कापड. दांडा खिडकीच्या चौकटीच्या वर ४ ते ६ इंच आणि दोन्ही बाजूंना ८-८ इंच पुढे, म्हणजे ६४ इंची. खिडकी त्यानं मोठी भासते आणि पडदे बाजूला सारले की काच पूर्ण मोकळी राहते, जे तुमच्या खोलीत फार महत्त्वाचं आहे. दांड्याच्या दुप्पट कापड लागतं, म्हणजे १२८ इंच. ५४ इंच पन्ह्याचं कापड घेतलं तर तीन पन्हे. दांडा ८४ इंचांवर असेल तर दुमड आणि आटणं धरून एका पन्ह्याला अडीच मीटरच्या थोडं वर, एकूण पावणेआठ मीटर. तिसरा पन्हा उभा अर्धा कापून दोन्ही पडद्यांना वाटायचा. जोड कडेला, भिंतीच्या बाजूला ठेवा. शिवण्याआधी कापड धुवा. लिनन धुतल्यावर आटतं, आणि अस्तराचं सुती कापड वेगळ्या प्रमाणात आटतं. दोन्ही न धुता एकत्र शिवलीत तर पहिल्याच धुलाईत पडद्याला सुरकुत्यांच्या झिळमिळ्या पडतात आणि त्या इस्त्रीनं जात नाहीत. खालची कड जमिनीपासून अर्धा इंच वर.

पलंगावर पांढरी किंवा कच्च्या सुताच्या रंगाची चादर, पायथ्याशी घडी घातलेली एक हातशिलाईची गोधडी, आणि उशा झोपायला लागतात तेवढ्याच. सजावटीच्या आठ उशा रोज रात्री जमिनीवर जातात.

तुळया आणि बार्न डोअर

तुळया सोडून द्या. ९ फुटांच्या छताला ६ इंच खोल पोकळ तुळई लावलीत की तिच्याखाली साडेआठ फूट उरतात. पंखा असेल तर पात्यांची पातळी आणि तुळई शेजारी येते, वारा अडतो. छत १० फुटांच्या वर असतं तर वेगळं बोललो असतो.

बार्न डोअर बेडरूमच्या मुख्य दाराला नको. ते भिंतीपासून किमान अर्धा इंच दूर लोंबतं, त्यामुळे आवाज, उजेड आणि वास तिन्ही आत येतात. कुलूपही धड बसत नाही. शिवाय ३२ इंची चौकटीला दोन्ही बाजूंना २ इंच झाकायला ३६ इंची दार लागतं, त्याला ७२ इंची रूळ, आणि दार उघडं असताना मावायला चौकटीशेजारी तीन फूट मोकळी भिंत. तिथे मग ना बटण ना खुंटी. ३६ बाय ८४ इंचाचं, ३५ मिलिमीटर जाडीचं पाइनचं दारच ३४-३५ किलो भरतं. पोकळ विटांच्या भिंतीवर ते पेलण्याची खात्री नाही. तुमचं आहे तेच दार कपाटाच्या रंगात रंगवा आणि त्यालाही त्याच पट्ट्यांची चौकट करा. मात्र बिजागरीची आणि कुलपाची कड सोडून.

त्याऐवजी दाराजवळच्या भिंतीवर एक खुंट्यांची पट्टी बसवा. ३ ते ४ इंच रुंद लाकडी फळी, जमिनीपासून ६० ते ६६ इंचांवर, ७-७ इंचांवर खुंट्या. फळी नुसती मोळ्यांनी ठोकू नका. दर १६ ते १८ इंचांवर प्लग आणि स्क्रू. टोपी, पिशवी, शाल, आरसा सगळं तिथे टांगता येतं, आणि वापरात असल्यामुळे ते मांडून ठेवल्यासारखं दिसत नाही.

जुनं लाकूड आणणार असाल तर पॅलेटवरचा (माल रचायच्या लाकडी तराफ्यावरचा) शिक्का वाचा. एचटी म्हणजे उष्णता दिलेलं, ते चालतं. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं. ते झोपायच्या खोलीत नको. शिक्काच नसेल तर तेही नको. बारीक भोकं असतील तर लाकूड काळ्या कागदावर आठवडाभर ठेवा; ताजा भुसा पडला तर कीड जिवंत आहे, ते घरात आणू नका. जुन्या रंगाची दारं-खिडक्या कोरड्या घासू नका, जुन्या रंगात शिसं असू शकतं. तुमच्या चाकालाही हीच तपासणी लावा.

आणि आता फळ्या

भिंत दोनदा कोरडी ठरल्यावर. पूर्ण भिंतीला आडव्या फळ्या लावायच्या तर, सव्वापाच इंच झाकणारी फळी धरली, १०८ इंच उंचीला २१ ओळी येतात. १२ फुटांनी गुणून २५२ फूट, छाटणीसह २७७ फूट. आमचं मत उभ्या फळ्यांचं आहे, तेही फक्त ५ फूट उंचीपर्यंत. ९ फुटी खोलीत उभ्या रेषा उंची वाढवतात, वरची भिंत मोकळी श्वास घेते आणि लाकूड २८ फळ्या गुणिले ५ फूट, छाटणीसह १५४ फुटांतच भागतं. जीभ-खाचेच्या (एकीच्या कडेची जीभ शेजारचीच्या खाचेत बसते अशा), १२ मिलिमीटर जाड फळ्या घ्या आणि त्या आठवडाभर त्याच खोलीत, मध्ये काड्या घालून रचून ठेवा. खोलीच्या हवेशी न जुळलेलं लाकूड भिंतीवर बसल्यावर आटतं आणि फटी पडतात.

भिंतीवर २० मिलिमीटरच्या आडव्या रिपांच्या चार ओळी. ओळ सलग ठेवू नका, दर तीन-चार फुटांवर २ इंच खंड ठेवा आणि खंड वरच्या-खालच्या ओळीत एकाखाली एक येऊ देऊ नका, म्हणजे हवा वर जाते. स्क्रू ७० मिलिमीटरचे, कारण रीप आणि गिलावा ओलांडून विटेत पकड मिळायला हवी. भोक पाडण्याआधी मागची पाइपलाइन कुठून जाते ते पाहा. एवढा खटाटोप करून नळीतच ड्रिल मारायची नाही. फळी जमिनीपासून अर्धा इंच वर, दोन्ही कोपऱ्यांत १० मिलिमीटर मोकळी जागा, ती पट्टीनं झाकायची. पहिली फळी ओळंब्यानं उभी करा. कोपरा सरळ आहे असं गृहीत धरलंत तर पंधराव्या फळीपर्यंत तिरपेपणा डोळ्यांत खुपू लागतो. चुका फक्त जिभेच्या बाजूला मारा, दुसरी बाजू सरकायला मोकळी.

पाइन असेल तर प्रत्येक गाठीवर आधी शेलॅकचा (लाखेचा) प्रायमर, दोन हात. हे टाळलं की सहा महिन्यांत पांढऱ्या रंगातून पिवळसर-तपकिरी गोल ठिपके वर येतात आणि वरून कितीही रंग मारला तरी परत येतात. जिभांना फळी बसवण्याआधीच रंग द्या, नाहीतर कोरड्या हवेत लाकूड आटल्यावर प्रत्येक सांध्यात कोऱ्या लाकडाची रेघ दिसते. वर ४ इंची कठडा ठेवा, पण उशाच्या बरोबर वर जड काही ठेवू नका. आणि स्विचबोर्ड विसरू नका: रीप आणि फळी मिळून भिंत ३२ मिलिमीटर पुढे येते, तेव्हा बोर्डाचे डबे तेवढे पुढे घ्यायला वायरमनला फळ्यांच्या आधी बोलवा. खोल गेलेल्या डब्यावर लांब स्क्रूनं प्लेट आवळली तर मागे मोकळ्या जागेत लाकडाच्या कडा उघड्या राहतात, आणि ठिणगीला तेवढंच पुरतं.